भिंतीकडे तोंड

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. बातमी अशी, की साहेबलोक अखेर बिऱ्हाड गुंडाळतायत. दोन महायुद्धं जिंकता जिंकता घरचे डबे रिकामे झाले, आता आपल्यावर राज्य करणं परवडत नाही म्हणे. जाताना मात्र आठवण ठेवून जायचा सोस! कचेरीच्या दर्शनी भिंतीत युद्धात मेलेल्यांची शिळा बसणार आहे. कोरायचं काम माझ्याकडे.

मजकुरात साहेबांची नावं हुद्द्यासकट, एकाच्या घोड्याचंसुद्धा. शेवटी ‘आणि इतर देशी शिपाई’. आपला धाकटा बारक्या त्या ‘इतर’मध्ये. विचारलं, तर मोठे साहेब म्हणाले, दगडाला मर्यादा असते. घोड्यापुरती नव्हती!

बाबांची रीत तुला ठाऊक आहे. दर्शनी बाजूला हात लावण्याआधी छिन्नीची धार मागच्या बाजूवर पारखायची. मी धार पारखताना तिथे बारक्याचं नाव कोरलं. चांगलं खोल. आईला बोललो नाही.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

तुझा भाऊ

ता. १७ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रापायी दूध उतू गेलं. शूर आहेस हो! मागची बाजू भिंतीत जाणार. शाळेत मास्तर बारक्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, तू तर त्याला कायमचं उभं केलंस. आणि पैज लावते, ‘बारक्या’ असंच कोरलं असशील. अरे, त्याला खरं नाव होतं, पलटणीत नंबर होता!

तुझे मेहुणे म्हणतात, आता आपलं राज्य येतंय, आपली माणसं कदर करतील. हे गृहस्थ लग्नापासून असंच काहीबाही बोलत आलेत. या वेळी तरी त्यांचं खरं होवो. नवे लोक आले की स्वतः जाऊन सांग, शिळा काढून उलटी लावा. लाजू नकोस.

रागावले तरी माया कमी झालेली नाही.

तुझी ताई

ता. २ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

नव्या साहेबांकडे गेलो. नवे कसले, जुन्यांचेच हेडक्लार्क! तीच खुर्ची, तोच पंखा, कोट तेवढा बदललाय. शिळा उलटी लावायची कल्पना त्यांना फारच आवडली. नवा दगड नको! मागच्या बाजूवर मंत्रिमहोदयांचं नाव कोरा, म्हणाले.

शिळा काढली, बारक्या उजेडात आला. (हो, ‘बारक्या’च. पैज जिंकलीस.) हा कोण, म्हणाले. माझा भाऊ, म्हटलं. तर म्हणतात, परक्यांसाठी मेलेला माणूस आपला कसा? घासून काढा.

ताई, बारक्याच्या भरतीच्या कागदावर शिक्का याच माणसानं मारला होता! त्यांच्या लेखी ‘इतर’, यांच्या लेखी परका. मग आपल्या पोरानं मरायचं तरी कुणाचं म्हणून? उद्या सकाळी घासायचंय. नाही म्हटलं तर सरकारी कामं गेली, आणि दुसरी आहेत कुठे?

तुझा भाऊ

ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं ‘हात लावलास तर तोंड दाखवू नकोस’ हे पत्र काम उरकल्यावर पोचलं. पण त्यातलं सगळं मला तुझ्या आवाजात आधीच ऐकू आलं होतं.

हेडक्लार्क देखरेखीला उभे होते. मी छिन्नी नावाच्या बाजूला दगडाच्या कच्च्या शिरेवर धरली आणि दणका घातला. शिळेचे दोन तुकडे. हात चुकला, म्हटलं. आजवर कधी चुकला नव्हता, म्हणून सगळा एकदमच चुकला. गृहस्थ थयथयाट करत म्हणाले, तुझी कामं बंद, हा कचरा उचल आणि चालता हो. सरकारचा एवढा हुकूम मी मनापासून पाळला. हातगाडी केली आणि नावाचा तुकडा घरी आणला.

आता आईला सांगावंच लागलं. तिला वाचता येत नाही. तिनं अक्षरांतून बोट फिरवलं, आणि एवढे दिवस माझं पोर कुठे ठेवलं होतंस, म्हणून मला जे फैलावर घेतलं, ते अजून चालू आहे. आता तू ये आणि उरलेलं तू बोल.

शिळा दाराशी उभी केलीय. तुकड्याच्या मागे अर्धा घोडा आणि दीड साहेब आलेत. ते भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. बारक्या रस्त्याकडे बघतोय.

तुझा भाऊ