रात्रीपुरत्या काढलेल्या बांगड्या

४ नोव्हें., पवनी
पुन्हा दोन बांगड्या वाढल्या. मनगटात काच गेली. दुकानात बाया विचारतात, "ताई, बांगड्यावालीचेच हात असे काहून?" दार लागलं म्हटलं. कंपवातानं यांना दिवसा सदऱ्याचं बटण लावता येत नाही. झोपेत मात्र हात असा फिरतो की बस्स! आवाजही दिवसा पुटपुटता, झोपेत खणखणीत. "हाड! हाड!" सकाळी विचारलं तर म्हणे, "धानात डुकरं घुसले होते." शेत आहे कुठं आपल्याला?

७ नोव्हें.
नागपूरचे डॉ. म्हणाले, बाहेरचं काही नाही. या आजारात झोपेत अंग सैल पडत नाही, माणूस स्वप्नात करतो तेच हातपाय करतात. गोळी दिली. फरक हळूहळू. तोवर वेगळं झोपा. बसमध्ये यांनी माझ्या मनगटाचं विचारलं, यांनाही दार लागलं म्हटलं. मी नाही वेगळी झोपणार. हे रात्री पडले-बिडले तर?

८ नोव्हें.
उपाय काढला. झोपताना बांगड्या काढून डबीत. स्वतःवर खूश.

११ नोव्हें.
अक्कल माझी! सकाळी घालायच्या राहिल्या, तशीच चहा घेऊन गेले. सासूबाईंनी हात पाहिले, कप खाली ठेवला. "माहा पोरगा जिता हाये ना वं अजून!" प्लास्टिकच्या घालते म्हटलं. "मंग कुकूबी प्लास्टिकचंच लाव!" हसू आलं, मग रडू. यांनी सगळं ऐकलं. वाटलं, रागावतील. माझं मनगट उलटं करून पाहिलं फक्त.
"हे दार नोहोतं ना?"
खोटं बोलवेना.

१२ नोव्हें.
काल रात्री यांनी गादी ओढत दुकानात नेली. "तुले मारलं मी." तुम्ही नाही, आजारानं, म्हटलं.
"हात तं माहाच होय ना?"
दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसले. झोप नाही. आता तिकडं पडले तर ऐकूही येणार नाही.

१४ नोव्हें.
दुपारी दुकानात हाक. "बस इथं." समोर हिरव्या बांगड्या. पूर्वी हे बांगडी चढवत तर बाईला कळत नसे. आज एकेक चढवताना यांना घाम फुटला. दोन वाढल्या. "हात सैल सोड," हे वाक्य मात्र जुनंच, हर गिऱ्हाइकाला म्हणायचे. सासूबाई दारात उभ्या.
"आता काढू नको," हे म्हणाले.
"मग गादी आत आणते."
हे वाढलेल्या बांगड्यांची काच वेचू लागले. मीच गादी आणली, माझ्या शेजारी टाकली. बांगड्या हातात आहेत. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. आत्ताच शटर ओढल्याचा आवाज आला. हे अजून आत आले नाहीत.