कुंकवाखालचं मलम

३ नोव्हेंबर
चतुराचं कपाळ पिकलं! कुंकवाच्या जागी लाल चट्टा, वरून पाणी. कधीपासून पदर पुढं वढून हिंडून राह्यली, अन् बायको ऊन चुकवती असं समजून मी गप. उद्या भोकरदनला नेतो. ऐकणार न्हाई बिलकुल.

४ नोव्हेंबर
डॉक्टरीण म्हणली, बाजारच्या कुंकवातला रंग बाधला. साबण बंद, कुंकू बंद. मलमाची एक नळी दिली. काय हाय ह्यात? तर ग्लायसीन. ॲमिनो ॲसिड. ॲसिड! मी उठलोच. "काका, बसा हो. जाळणारं नाही ते. आपल्या कातडीतही असतं. झोंबणार नाही, शांत वाटेल."
झोंबत न्हाई ते औषध कसलं! पण लावायचं म्हंजे लावायचं.
जीपमधी चतुरा फुगून. "तुम्ही जित्ते असताना कपाळ मोकळं ठिवू?"
म्हणलं, मी कुंकवावर जगून राह्यलो का? भाकरीवर जगतो!

८ नोव्हेंबर
लावून राह्यली. बराबर.

११ नोव्हेंबर
चट्टा वाढला! नळी उकिरड्यावर फेकणार व्हतो. तेवढ्यात चतुरा आरशापाशी घावली. बोटानं मलमाचा गोल काढला — अन् त्याच्यावर कुंकू! मेणाच्या जागी मलम!
"मेणापरीस चांगलं धरतंय," म्हणती.
करंडा उचलला, माझ्या पेटीत घातला. कुलूप.

१५ नोव्हेंबर
बेबीनंदा आल्ती, बारक्या भावाची बायको. चतुराचं कपाळ बघून दारातूनच — "अगं बाई! दादा गेले का काय?"
मी बाजेवरून वरडलो, "हाय! चहा टाक, मला बी!"
ती गेल्यावर चतुरा आत रडत बसली. मंग मीच नळी घेतली अन् लावलं. माझी बोटं खडबडीत. "हळू," म्हणली. मला जल्दीची सवय, हळू जमंना. तरी लावलं. आता रोज मीच लावणार.

२२ नोव्हेंबर
पाणी थांबलं. आज रेणुकाईच्या देवळात नेली. पदर मागं, कपाळ उघडं. बाया टकामका बघून राह्यल्या. एकीनं इचारलंच. चतुरा म्हणली, "नवरा? त्यो बघा, माझ्या चपला राखून राह्यलाय!"
वा गं!

५ डिसेंबर
कपाळ साफ. डॉक्टरीण म्हणली, निव्वळ हळदीचं कुंकू आधी हातावर लावून बघा, मंग थोडं कपाळाला. जालन्याला गेल्तो, आणलं. चतुराच्या हाताला लावलं, काय झालं न्हाई.

६ डिसेंबर
डबी पुढं धरली. चतुरा शेंगा सोलत व्हती. वर न बघता म्हणली, "ऱ्हाऊ द्या. मोकळं बरं वाटतंय."
मी डबी आणखी पुढं सरकवली. म्हणलं, "थोडं तरी लाव की गं!"