दहाव्या भागातली उडी

३ फेब्रुवारी

दुसरं पर्व आमच्याच स्टुडिओकडे आलं. जग जळून गेल्यानंतरची ती मारामारीची मालिका — आता तिचा डिस्कचा संच निघणार. टीव्हीवर लागायची तेव्हा पार्श्वसंगीतानेच सगळं गिळलं होतं. डिस्कवाल्या साहेबांना आता प्रत्येक पाऊल, प्रत्येक ठोसा, कपड्यांची सळसळसुद्धा नव्याने हवी आहे. म्हणजे ते आवाज काढणारी मी! खडीचे ट्रे, फुटक्या विटा, जुन्या बुटांचा ढीग. समोर पडद्यावर बघत त्यावर उड्या मारायच्या. यालाच आमच्यात काम म्हणतात.

घरी सांगितलं नाही. नायिकेच्या सगळ्या मारामाऱ्या धाकटीने केल्यात. चेहरा नायिकेचा, हातपाय माझ्या बहिणीचे. दहाव्या भागात गच्चीवरून उडी मारताना खालची गादी सरकली, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. माझ्याकडेच असते. तो शॉट त्यांनी तसाच ठेवला. तिने हे पर्व कधी पाहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी

पहिले दोन भाग झाले. राखेत लोळणं, पत्र्यावर आदळणं — अंग ठणकतंय. पडद्यावर वळताना धाकटी डावा खांदा आधी टाकते. लहानपणी खोलीत शिरायची तीही अशीच, दाराला धडकून. मला हसू फुटलं. आमचा ध्वनिमुद्रक काचेपलीकडून म्हणाला, मॅडम, हसू नका, जग संपलंय. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. काहीही सुटत नाही त्याच्या कानातून.

११ फेब्रुवारी

डिस्कवाले साहेब आले होते. दहाव्या भागातल्या पडण्याचा आवाज दमदार पाहिजे म्हणाले, बघणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. हाडं मोडल्याच्या आवाजाला आम्ही कोबीचा गड्डा पिळतो, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. चांगला मोठा घ्या म्हणाले! पडणारी माझी कोण, ते त्यांना माहीत नाही. मी नुसती मान डोलावली.

दिवसभर डोक्यात तेच. नको म्हटलं तर दुसरं कोणीतरी करेल. तो आवाज परक्या हातून नाही होऊ द्यायचा. मीच करणार.

१२ फेब्रुवारी

कोबी आणला. हातात धरून उभी राहिले. घरी नेऊन चिरला.

१६ फेब्रुवारी

सांगून टाकलं धाकटीला. तिने खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, आता बोलणंच टाकते ही. मग विचारलंन, बूट कुठले वापरतेस? चामड्याचे, मी म्हटलं.

"माझे कापडी होते," ती म्हणाली, आणि खुर्ची वळवून आत गेली.

२० फेब्रुवारी

उडीआधीची धाव काल केली. कापडी बूट घालून, सिमेंटच्या लादीवर. कानसेन म्हणाला, पावलाला पाऊल जुळलंय. आज ते मुद्रण घरी आणून कान लावून ऐकत होते, तर धाकटी म्हणाली, मलाही ऐकव. ऐकवलं.

"कोण धावतंय हे?"

"तू. म्हणजे मी."

"मी अशी नाही धावले, ताई. ही बाई पडायलाच निघालीय."

मी काहीबाही सांगत बसले — पावलाला वजन लागतं, माइकला ते कळतं.

"मला कुठे माहीत होतं मी पडणार ते? मी उडी मारायला धावत होते. मजेत होते मी!"

खरंच की. मी तिला गच्चीभर मागे ओढत होते. प्रत्येक पावलाला.

२१ फेब्रुवारी

पुन्हा केलं. परत एकदा. छे! माझ्या पायांना पुढचं माहीत आहे, ते विसरायला तयार नाहीत.

संध्याकाळी तिला म्हटलं, तूच चल. पायांचं काम मला काय सांगतेस, म्हणाली. चांगलंच लागेल अशा बेताने. मी समजावलं, जागा अडचणीची असली की आम्ही बूट हातात घालतो आणि हातांनीच चालतो. येड्यासारखं दिसत असेल, म्हणे. म्हटलं, बघायला कोण आहे, एकटा कानसेन, आणि त्याचे डोळे कानातच असतात. हसली नाही.

नाही तर नाही. उद्या परत विचारणार. परवाही.

२४ फेब्रुवारी

आली! स्टुडिओचं जाड दार खुर्चीला पुरेना, तर कानसेनने बिजागऱ्या खोलून दारच काढून ठेवलं. जणू रोज काढतो. आवाज बंद ठेवून तिला धाव दाखवली. उडीच्या आधी चित्र थांबवलं मी. तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"चांगली धावतेय की," म्हणाली. एखाद्या तिसऱ्याच मुलीबद्दल बोलावं तशी.

मुद्रण उद्या.

२५ फेब्रुवारी

आज धाकटीच धावली. पुढ्यात लादी, दोन्ही हातांत बूट. हलकी, चेंडूसारखी पावलं. कडेपाशी आल्यावर मी चित्र थांबवायला गेले, तर तिने मानेनेच नको म्हटलं. उडी आली. तिने दोन्ही हात वर उचलले आणि खाली टेकवलेच नाहीत. पडद्यावर ती पडली. खोलीत काहीच वाजलं नाही. कानसेनने टेक थांबवला नाही, मीही नाही. साहेबांना सांगणार आहे — पडण्याचा आवाज एवढाच आहे, आणि हाच जाईल.