बाबांची डिस्क चालूच आहे

अरे, जेवण झाकून ठेवलंय. मी आईकडे जातेय.

तू नको म्हणाला होतास, तरी बाबांच्या व्हायोलिनची ती हाय-रेझोल्यूशन डिस्क मी कॉम्प्युटरवर लावली. इतकं स्वच्छ ऐकू येतं की त्यांचा श्वाससुद्धा कळतो. म्हणून आवाज आणखी वाढवला. तर बाबा वाजवता वाजवता मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘सूनबाई, जरा हळू.’

हसू नकोस. हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा तू शाळेत होतास, आणि आपल्या लग्नाआधीच ते गेले. मी घाबरून आवाज कमी केला, तर म्हणाले, ‘आता कसं!’ आणि पुन्हा वाजवायला लागले.

डिस्क तशीच चालू आहे. मोठ्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं? तूच त्यांना विचारून बंद कर.