मामंजींच्या लेन्सचे खटके

मामंजी,

तुमच्या लेन्समधला छर्रा मी हरवला. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायचं असेल ते रागवून घ्या आणि पुढचं शांतपणे ऐका. मी बोलतेय आणि सूनबाई लिहितेय. माझी सून, तुमच्या नातवाची बायको. तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय कळणार, मला सगळी अक्षरं सारखीच, डाळीत फिरणाऱ्या किड्यांसारखी. हे वाक्य लिहू का म्हणून ती विचारतेय. लिही बाई, मामंजींना माझी भाषा ठाऊक आहे.

मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही कापसात गुंडाळून पेढ्यांच्या खोक्यातून दिली होती ना, तीच लेन्स. तुम्ही गेलात तेव्हा रोलचे दिवस होते. आता रोल नाही. कॅमेऱ्याच्या आत एक छोटी पाटी असते, तिच्यावर चित्र उमटतं, ते नखाएवढ्या कार्डावर उचललं जातं आणि पाटी पुन्हा कोरी. गंमत म्हणजे असले कॅमेरेही आता म्हातारे झाले, आणि माझ्या नातीला, म्हणजे तुमच्या पणतीला, त्या म्हाताऱ्यांचंच वेड. खिशात नवाकोरा फोन आणि ही जुन्या बाजारात कॅमेरे शोधत हिंडणार. तिचं ऑफिस दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. शुक्रवारी उम्म अल कुवैनला घरी यायची ती पिशवीतून एखादा आजारी कॅमेरा घेऊनच. कुणाचं रबर उन्हाने चिकट झालेलं, कुणाच्या बॅटरीचं झाकण राहत नाही म्हणून त्याला केसांचा रबर लावलेला, आणि एकाच्या तर प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका. तो काही जाईना. नात म्हणते, "आजी, दॅट्स कॅरॅक्टर." हिच्या स्वतःच्या गालावर लाल ठिपका आला की घर डोक्यावर घेते, तेव्हा कुठे जातं कॅरॅक्टर? पण मला मजा यायची. चिकट रबर स्पिरिटने पुसायचं, बॅटरीच्या टोकांवरचा हिरवा थर कापसाच्या काडीने काढायचा. हात तासगावच्या तुमच्या स्टुडिओतल्या बाकावर बसल्यासारखे चालायचे.

तुमची लेन्स अशाच एका पंधरा वर्षांच्या कॅमेऱ्याला बसवली होती. दोघांचे आटे जुळत नाहीत, म्हणून मधे एक कडं घालायचं, सोयरीक जुळवणाऱ्या मावशीसारखं. कडं बसलं, लेन्स बसली, आणि कॅमेरा काय म्हणतो, तर लेन्सच नाही! नातीने पडद्यावरचं वाचून दाखवलं. आताच्या लेन्स म्हणे कॅमेऱ्याशी आतल्या आत बोलतात, आपलं नावगाव सांगतात. तुमचीला ते येत नाही. मी म्हटलं, "अगं, ही माझ्यासारखी अंगठाछाप. सही करता आली नाही म्हणून बाई घरात नाहीच, असं कसं म्हणतो हा?" नात इतकी हसली की तिच्या हातातून कॅमेरा पडायचा राहिला. मग तिने आत कुठेतरी जाऊन, लेन्स दिसली नाही तरी फोटो काढ, अशी त्याला परवानगी दिली, तेव्हा कुठे साहेब कामाला लागले.

तर छर्रा. उन्हाळ्यात माझा मुलगा कॅमेऱ्याची पिशवी गाडीत विसरला. इकडच्या बंद गाडीत दुपारचं काय होतं ते तुम्हाला तासगावात बसून कळायचं नाही. आतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्यांवर उतरलं, पाती एकमेकांना चिकटली. लेन्सवरचं उजेडाचं कडं फिरवलं की खटके वाजायचे, पण आत काही हलायचं नाही. आणि नेमकी तेव्हाच नातीला कॅनडात नोकरी लागली. तीन आठवड्यांत निघायचं. मला म्हणाली, "आजी, कॅन आय टेक पणजोबांची लेन्स?" मी हो म्हटलं. म्हटलं, पण आजारी पाठवायची नाही. आणि ती जायच्या आधी त्याच लेन्सने तिचा एक फोटो मला माझ्या हाताने काढायचा होता. बाकी काही नको होतं मला.

उघडली. तुम्ही विचाराल, कुठे उघडलीस? टेबलावर. ताटात नाही, ओल्या फडक्यावर नाही, टीव्हीसमोर, मालिका चालू असताना. पाती लायटरच्या पेट्रोलने धुतली, ती छान सुटली, आणि त्या आनंदात खटक्याचं कडं सरळ वर उचललं. टिंग! मोहरीएवढा तो पोलादी छर्रा, स्प्रिंगवर बसलेला, गेला गालिच्यात. आता छर्रा खाचेत पडतो तेव्हाच खटका होतो, हे तुम्हाला सांगायला नको. छर्रा गेला म्हणजे कडं नुसतं लोण्यासारखं फिरतं, आवाज नाही की थांबा नाही. चुंबक फिरवला. व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पायमोजा लावून सगळा गालिचा ओढून काढला. दोन टाचण्या, सूनबाईच्या कानातली फिरकी आणि एक साबुदाणा निघाला. छर्रा नाही.

नात म्हणते, "आजी, इट्स बेटर लाइक धिस. सो स्मूथ! व्हिडिओवाले मुद्दाम क्लिक काढून घेतात."

"व्हिडिओवाल्यांना कड्यावरचे आकडे वाचता येतात. मी काय करू?"

"आय विल टीच यू ना. सात तर आकडे आहेत."

"या वयात? तुझ्या पणजोबांनी महिनाभर डोकं फोडून घेतलं माझ्यापुढे."

"यू आर सो स्टबर्न, आजी."

"आणि तू कुणावर गेलीस?"

दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. खटके नाहीत म्हणून खटके उडाले. सूनबाई म्हणाली, मी यात नाही, आणि कणीक मळायला गेली. मला तेव्हा तुमची फार आठवण आली, कारण तिला मी कसं सांगणार, की माझी लेन्स मी कानाने वाचते, आणि ते मला कुणी शिकवलं.

मी नवी नवरी. ओसरीवर तांदूळ निवडतेय, नजर रस्त्यावरच्या वरातीकडे, आणि बोटं आपोआप खडे बाजूला काढताहेत. तुम्ही दारात उभे राहून बघताय, मला कळत नाही. आत जाऊन तुम्ही सासूबाईंना म्हणता, "ही न बघता खडा ओळखते. उद्यापासून दुपारची स्टुडिओत पाठव." सासूबाईंच्या हातातलं भांडं तिथेच थांबतं. "सून दुकानात बसवणार? लोक काय म्हणतील?" तुम्ही म्हणालात, "लोकांना फोटोपुरतं गप्प बसता येत नाही, त्यांचं काय ऐकायचं?" मालक, म्हणजे तुमचे चिरंजीव, तेव्हाही इकडे आखातातच होते, त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सांभाळत मी तुमच्या बाकावर, हातात नखाएवढा पेचकस.

सहा महिन्यांनी तुम्ही तापाने पडलात आणि शेजारच्या गावच्या पंचायतीच्या मंडळींचा फोटो काढायला मी उभी राहिले. तुम्ही आतून ओरडून आकडा सांगितलात. मी "हो, लावला" म्हटलं आणि कडं अंदाजाने फिरवलं. फोटो धुतला तर सरपंचापासून शिपायापर्यंत सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. तुम्ही अंगावर घोंगडी घेऊन बाहेर आलात. "आकडा वाचलास का?" मी कडं उगाच मागेपुढे फिरवलं. "येत नाही म्हणाली असतीस तर मी शिकवलं असतं पोरी. खोटं बोलणाऱ्या हातात मी कॅमेरा देत नाही." चार दिवस मला बाकापाशी येऊ दिलं नाहीत. मी चुलीपाशी रडले आणि सासूबाईंनी, मनातून खूश होऊन, मला गूळ दिला.

मग महिनाभर पाटी. दोन आणि पाच मला कधी वेगळे दिसलेच नाहीत, भांडून पाठ फिरवून बसलेल्या दोन जावा जशा. तुम्ही पाटी पुसायचात, मी चुकायचे, तुम्ही पुन्हा पुसायचात. एके दुपारी तुम्ही पाटी भिंतीला टेकवून ठेवलीत आणि ती लेन्स माझ्यासमोर सरकवलीत. "कानाशी धर. फिरव. काय ऐकू येतंय?" म्हटलं, "खट्." "किती वेळा?" मी मोजले. सहा. तुम्ही असे हसलात की सासूबाई बघायला आल्या. "झालं तर! कडक उन्हात सहा. ढग आले की चार. ओसरीच्या सावलीत दोन. घरात एकही नाही, सताड उघडी ठेव." मग गिऱ्हाईक आलं की सांगायचात, "आमच्या सूनबाईंना लेन्स कानाने वाचता येते." अडाणी म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले, मामंजी. तसं सांगणारे तुम्ही एकटे.

तेवढ्या शिदोरीवर मी इकडे पन्नासेक घरांची बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे काढले. इथल्या उन्हाला सातवा खटका लागला असता, पण लेन्सला तो नाही, म्हणून मी माणसांनाच सावलीत ओढायचे. तुम्ही गेल्याचं इकडे कळलं तेव्हा तुमचं तेरावंही होऊन गेलं होतं. मी त्या दिवशी लेन्स पुसून ठेवली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

असो. तिसऱ्या दिवशी नात गाडीची किल्ली घेऊन समोर उभी. "चल. यल्ला." इंडस्ट्रियल एरियात बेअरिंगचं दुकान होतं, मालक म्हातारा पठाण. त्याने विचारलं, "अम्माजी, किस गाड़ी का चाहिए?" मी म्हटलं, "गाड़ी का नहीं, आँख का." त्याला वाटलं, बाईला ऊन लागलं. नातीने लेन्स दाखवल्यावर मात्र चष्मा कपाळावर सरकवून किती तरी वेळ बघत राहिला. मग कसली कसली मोडकी बारीक बेअरिंगं फोडून चिमूटभर छर्रे कागदाच्या पुडीत बांधून दिले. "ले जाओ अम्माजी, दुआ करना."

पहिला बसवला तो मोठा निघाला, कडं अर्ध्यात अडकून बसलं. ते सोडवण्यात दोन दिवस गेले, आणि निघायला उरले चार. नात म्हणाली, "खलास आजी, लीव्ह इट." मी पुडी ताटात ओतली, या वेळी ताटातच, आणि डोळे मिटून बोटांनी निवडायला बसले. एक बरोबर वाटला. ग्रीसच्या थेंबाने तो स्प्रिंगवर चिकटवला. नातीने दात कोरायच्या काडीने तो दाबून धरला, तोंड वाकडं करून, श्वास रोखून, आणि मी कडं वरून सरकवलं. खट्. तुमचा खटका कोरडा होता, हा जरा घोगरा आहे, सर्दी झाल्यासारखा. पण आहे. नात लेन्स कानाशी धरून मोजायला लागली, "वन, टू, थ्री," आणि शेवटच्याला तिच्या तोंडून "सहा" निघालं.

खाडीच्या काठी तिला कठड्यावर बसवलं, संध्याकाळची सावली होती. "आजी, शुड आय स्माइल?" म्हटलं, "नको, नेहमीसारखी तोंड वेंगाडून बस." दोन खटके. फोटो चांगला आलाय. सोमवारी ती गेली, तुमची लेन्स घेऊन.

सूनबाई विचारतेय, पाकिटावर काय घालू? म्हटलं, पाकीट कशाला, कागद माझ्या कपाटात ठेव. पण एक राहिलंय ते आधी लिही. मामंजी, मला आकडे येतात. सूनबाईने पेन खाली ठेवलंय आणि "आई!" म्हणून माझ्याकडे बघतेय. उचल गं ते पेन. आम्ही पूर्वी शारजात अठरा मजल्यांच्या इमारतीत राहायचो. एकदा भलत्याच मजल्यावर उतरून मी एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईच्या थेट स्वयंपाकघरात पोचले. त्या लाजेने लिफ्टची बटणं आठ दिवसांत पाठ झाली. तुम्ही महिना घातलात, माफ करा. दोन आणि पाचसुद्धा आता वेगळे दिसतात. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर घरच्यांनी मला विजेची बिलं वाचायला बसवलं असतं. तेव्हा येत नसताना येतं म्हणाले, आता येत असताना येत नाही म्हणाले, तुम्ही पुन्हा चार दिवस बाकाबाहेर काढाल. पण आकडा वाचायचा तर मान खाली घालावी लागते. खटके मोजताना नजर समोरच्या माणसावर ठेवता येते, आणि त्या कठड्यापाशी मला खाली बघायचं नव्हतं.

आता नात तिकडून रोज व्हिडिओवर मला एकेक आकडा शिकवते. भिंतीला पाठ लावून बसते आणि कागदावर मोठा काढून धरते. सातच आकडे आहेत, काल तिसऱ्यावर होतो. मी मुद्दाम चुकते.