रोटीपेक्षा हलकं जॅकेट

१२ जून

आजचा दिवस ऑफिसात फुकट गेला. मेदेरने बोलावलं होतं. "एजे, एजे" करत चहा पुढे केला. मालक झाला तरी ताई म्हणायचं सोडत नाही, पण इतक्या गोडीने म्हणायला लागला की समजायचं, काहीतरी गळ्यात मारायचंय.

मारलंच! टेबलावर मुठीएवढं पुडकं ठेवलं. उलगडलं तर जॅकेट. पावसावाऱ्यात वरून घालायचं. कांद्याच्या सालीसारखं पातळ. हातावर तोललं. सकाळी बाजारातून आणलेली जाडजूड गोल रोटी याहून जड होती.

"सगळ्या गाइडांसाठी घ्यायचा विचार आहे. नमुना एकच आलाय. तुम्ही वर नेऊन बघा. घेण्यासारखं आहे का नाही, तुमच्याइतकं कोण सांगणार?"

किंमत सांगितली आणि मी कप खाली ठेवला. तेवढ्या पैशांत आमच्या काराकोलच्या बाजारात एक बरी मेंढी येते, वर कातडं आपल्याकडेच राहतं! तसं बोलले. तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

या हंगामात त्याने मला लांबच्या दोनच फेऱ्या दिल्यात. पूर्वी पाच-सहा असायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "गुडघा जपा, एजे." बरं वाटलं. रागही आला.

१३ जून

गुडघा. दुसरं काय लिहू!

१७ जून, वर तळावर

पाहुणे दोघं, बेल्जियमचे नवराबायको. चालतात बरं, बोलतात फार. घोडे घेऊन कास्माली. इतक्या वर्षांत त्याची बडबड काही कमी झाली नाही, माझी मात्र झाली.

ओढा ओलांडताना वारा सुटला म्हणून नवं जॅकेट चढवलं. चढवलं आणि लगाम धरायला हात पुढे केला. कापड असं काही कुरकुरलं की काळी घोडी कान पाडून बाजूला उडाली! खोगिराच्या पिशव्या सुटल्या. किटली ओढ्यात. मागोमाग कढई. कास्माली कमरेपर्यंत पाण्यात, आणि तिथूनही तोंड चालूच —

"काय गं केंजेगुल, दुकानाची पिशवी घालून आलीस? घोडीला वाटलं, कुणीतरी साखरेची पुडी सोडतंय!"

"साखर सोडली असती तर जवळ आली असती. पळाली कशाला?"

"तुझ्या हातची साखर माहितेय तिला!"

बेल्जियमची बाई पोट धरून हसली. तिला काय कळलं कोण जाणे. मी नाही हसले. पाठ धरली होती.

तर पहिला दोष: आवाज. शहरात बसून शिवणाऱ्यांना घोडा कुठून सुचणार!

१८ जून

बोज़ खिंडीत गारा. नंतर पाऊस, तोही आडवा. दुपारपर्यंत थांबला नाही.

खरं तेच लिहायचं. एक थेंब आत आला नाही! झटकलं, काठीला टांगलं, चहा उकळेपर्यंत कोरडं. चढताना आतून घामाने चिकट झालं होतं, ते मात्र वाईट. गळ्याजवळची चेन उघडी ठेवावी लागते.

संध्याकाळी कास्मालीने राळेने भरलेली आर्चाची लाकडं पेटवली. ती तडतडणारच. एक ठिणगी उडून बाहीवर बसली. मसुरीएवढं भोक! माझ्या जुन्या डोंगरी कोटावर, श्टोर्मोव्केवर, अशा कितीतरी ठिणग्या येऊन विझल्यात. ती गिर्यारोहण क्लबातल्या दिवसांची, ताडपत्रीच्या कापडाची. भिजली की ओली मेंढी अंगावर घेतल्यासारखी वाटते, पण जळत नाही.

"शेकोटीशी बसता येत नाही असलं जॅकेट डोंगरात कशाला?" कास्माली म्हणाला. पटलं.

पण झोपायला आडवी झाले तेव्हा लक्षात आलं, आज खांदे दुखत नाहीत. गुडघाही कमी बोलतोय. पाठीवरचं वजनच कमी होतं ना.

२१ जून

मेदेरला सगळं सांगितलं. घोडी, घाम, ठिणगी, कोरडेपणा. भोक दाखवलं. वाटलं होतं, ओरडेल. "असू दे, असू दे," म्हणाला.

मग म्हणाला, "अंगात कसं बसतं?"

"बाह्या आखूड. दोर धरायला हात वर केला की मनगटं उघडी. कमरेतही आवळतं. एक माप मोठं हवं."

"रंग?"

"हा नारिंगी पोराटोरांना शोभेल. मला विचारशील तर गडद लाल. धुक्यात दिसतो, मळ झाकतो."

फोनवर टिपून घेत होता. चौकस पोरगा. पहिल्यांदा माझ्याबरोबर वर आला तेव्हा तंबूची खुंटी उलटी ठोकत होता, आता माझा मालक आहे. कामाला लागतो तेव्हा अजून तसाच जीभ बाहेर काढतो.

"आणि एजे, स्वतःसाठी घ्याल का?"

"ज्याचे दहा हंगाम बाकी आहेत त्याने घ्यावं. एकदोन हंगामांसाठी एवढं कोण घालतं? मला माझी श्टोर्मोव्का पुरून उरेल."

त्याने मान वर केली नाही. मनात किमतीची बेरीज करत असणार.

२६ जून

शेजारच्या रापियाचा शाळेतला निवृत्तीचा समारंभ. मुख्याध्यापकांनी तिच्या खांद्यावर मखमली चापान घातला, निरोपाला घालतात तो लांब झगा, डोक्यावर पांढरा रुमाल. भाषणं. तळलेल्या बोरसोकांचा ढीग. बाया रडल्या. रापिया आमची फुलून बसली होती, चापानात नवरीसारखी!

घरी येताना मात्र चापान काढून काखेत मारला. दारात थांबली.

"मला वाटलं, मजा येईल गं. चापान अंगावर पडला आणि कळलं, आता सोमवारी मला कुणी बोलावणार नाही. एवढा जड असतो तो, तुला सांगते!"

"पेटीत ठेव. नातीला होईल."

"पेटीतच जाणार. चापान घालून कुणी कामाला गेलेलं पाहिलंयस?"

हसले मी. मनात म्हटलं, बाई सुटली. रोज सकाळी उठणं नाही, चढणं नाही. मला कुणी आज बसवलं तर उद्या दुपारपर्यंत झोपेन.

८ जुलै

पाऊस. गाय दूध देईना. मीही कुणाला काही देईना.

२१ जुलै, वर

एकच पाहुणा. कोरियाचा, सत्तरीचा म्हातारा, एकटा. बायकोबरोबर यायचं ठरलं होतं, ती गेली. एवढंच त्याने फोनमधल्या दुभाष्याकडून सांगितलं. हळू चालतो. माझ्याहून हळू! फार दिवसांनी मला कुणासाठी थांबावं लागलं.

खिंडीखाली पावसाने गाठलं. अंगावर श्टोर्मोव्का. अर्ध्या चढातच चिंब, मानेवरून पाणी आत, खांद्यावर सगळा ओला भार. गुडघा किंचाळत होता. दर पावलाला ते रोटीएवढं जॅकेट आठवत होतं. लाज नाही वाटत लिहायला. आठवत होतं!

म्हातारा वर पोचला आणि खिंडीला वाकून नमस्कार केला. अगदी कमरेतून. मग वळून मला तसाच. काय करावं कळेना, मीही वाकले. कास्माली घोड्यांमागे तोंड लपवून हसत होता.

तेवढ्यात ढग फाटला. खाली तळं. किती वेळा पाहिलंय ते. आज पाहताना रडू आलं. कारण काही नाही. मला इथे यायचं आहे, बस. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही. दमले म्हणते, रोज म्हणते, दमलेही आहे. पण सोडायचं नाहीये मला. हा म्हातारा येऊ शकतो तर मी का नाही? भार तेवढा कमी करायला हवा.

२५ जुलै

घ्यायचं! ठरलं. भोकं पडू देत, घोड्या उडू देत. शेकोटीशी श्टोर्मोव्का, खिंडीत नवं.

सरळ मेदेरकडे गेले. "माझ्यासाठीही एक मागव. पैसे माझे."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही तर म्हणाला होतात, नको..."

"म्हणाले होते. आता घेते म्हणते. पुढच्या वर्षी लांबच्या चार फेऱ्या दे मला. दोन नकोत."

"एजे, घाई कशाला? हंगाम तर संपू द्या." आणि एकदम फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

माझ्याकडून पैसे घ्यायचा संकोच वाटत असेल. मनाने चांगला आहे.

११ ऑगस्ट

रापियाने मार्मोटची चरबी आणून दिली. रोज गुडघ्याला चोळते. "वास असा येतो, पाहुणे पुढे आपोआप पळतील!" म्हणाली. तिला आता दिवसभर दुसरं काम नाही, माझा गुडघाच तिची शाळा.

उतरणं सुधारलंय. खरंच.

३० ऑगस्ट

उद्या हंगाम संपल्याचं जेवण, मेदेरच्या अंगणात. दरवर्षीचंच. कास्माली सांगायला आला, "चांगले कपडे घालून ये." हा मला कपड्यांचं सांगतो! स्वतः घोड्याच्या घामाचा वास मारतो. चेष्टा केली तर उलट बोलला नाही. टोपी फिरवत उभा राहिला आणि गेला. तब्येत बरी नसावी.

मेदेरला उद्याच विचारणार, मागवलंस का म्हणून. आता तर हंगामही संपला.

३१ ऑगस्ट

ताटात मानाचं हाड आलं, पाहुण्यांना देतात ते. मग मेदेर उठला. रापियाही होती, तिने माझ्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला. मेदेरने खांद्यावर घातलं. चापान नाही, जॅकेट. गडद लाल. "चापान पेटीत पडून राहिला असता, एजे. म्हटलं, तुमच्या आवडीचं काहीतरी!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कास्माली खाली बघत होता.

मीही हात वर करून आभार मानले. मनगटं झाकलेली राहिली. कमरेतही बरोबर. माप मीच दिलं होतं.