पांढरी बोट नको

तंजावूर, मंगळवार

तीर्थरूप अप्पांस,

रागवायचं असेल तर आधीच रागवून घ्या. काल मी वाचनालयात गेले नव्हते. पुदुच्चेरीला जाऊन शिडाच्या दोन जुन्या बोटी पाहून आले. त्यातली एक मी घेणार आहे.

पांढरी अगदी नव्यासारखी दिसते. पण पोंगलचं मडकं घेताना तुम्ही शिकवलंत, तसं मी तिला सगळीकडून ठोकून पाहिलं. तीन जागी आवाज बद्द आला. ताज्या रंगाखाली पाणी मुरलंय. दुसरीचा रंग उडालाय, पण ती खणखणीत वाजली. तिचा मालक हसला, "अम्मा, बोट घेताय की मडकं?" तरी मी पुन्हा एकदा ठोकून पाहिली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

मुलाकडच्यांना तुम्ही सांगितलंत, "आमच्या वासुकीनं समुद्राचं वेड सोडलं." अप्पा, माझ्यावर हा रंग का चढवलात? आज मीच त्यांना फोन करून खरं सांगितलं. मुलाच्या आईनं विचारलं, "लग्नानंतरही?" मी "हो" म्हटलं.

हे पत्र पाठवणार नाही. संध्याकाळी तुम्ही ओरत्तनाडूच्या ऑफिसातून आलात की समोर बसून सांगेन.

तुमचीच,
वासुकी